हात धुण्याचे पाच प्रसंग तोंडपाठ, तरी पेशंटला हात लावण्याआधी कुणी हँडरब घेत नाही

प्रश्न (वॉर्ड इन्चार्ज): लेखी परीक्षेत स्टाफला पाचही प्रसंग बिनचूक येतात: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीसारख्या स्रावांशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. राउंडला मात्र पेशंट तपासून झाल्यावर हँडरबनं (हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणानं) हात घासतात, आधी नाही. शिवाय ग्लोव्ह्जच्या एकाच जोडीत तीन-तीन बेड उरकतात. पुन्हा ट्रेनिंग लावू का?

इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर: मॅडम, त्याच ट्रेनिंगनं फरक पडणार नाही. 'नंतर' हात घासले जातात ते स्वतःला काही लागू नये म्हणून. 'आधी' घासल्यानं वाचतो तो पेशंट, आणि ते कुणाला दिसत नाही. म्हणून मोजताना दोन्ही वेगळे मोजा. एकत्र टक्केवारी काढली की 'आधी'चा खड्डा झाकला जातो.

मग हँडरबच्या बाटलीची जागा बघा. नर्सिंग स्टेशनवर नको, प्रत्येक बेडच्या पायथ्याशी हवी, आणि कॅन्युलाच्या (सलाइनसाठी शिरेत घालायच्या बारीक नळीच्या) ट्रेमध्ये एक वेगळी. पंप स्वतः दाबून पाहा, ग्लिसरीन सुकून तोंड चिकटतं आणि दोन थेंबच येतात. तळहाताचा खळगा भरेल इतकं घेऊन 20 ते 30 सेकंद चोळायचं. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास सुटतात. ओल्या हातावर घेतलं तर अल्कोहोल पातळ होतं. हाताला रक्त किंवा घाण दिसत असेल तर साबण-पाणीच, 40 ते 60 सेकंद.

ओटी (ऑपरेशन थिएटर) स्टाफ: ग्लोव्ह्जबद्दल एवढंच: त्यांना बारीक छिद्रं असू शकतात, आणि काढताना बाहेरची बाजू मनगटाला लागते. म्हणून काढल्यावरही हात घासायचे. ग्लोव्ह्जवर हँडरब चोळून पुढच्या बेडला जाणं चूकच. बीपी, टेम्परेचरला सहसा ग्लोव्ह्ज लागतच नाहीत.

हाउसकीपिंग सुपरवायझर: सफाई करणाऱ्या मावशी-मामांनाही यात घ्या. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, जंतू मारायचं द्रावण) अंदाजानं ओततात, तिथेच बिघडतं. कॅनवर 5 टक्के असेल तर 200 मिली हायपो, 800 मिली पाणी. 10 टक्के असेल तर 100 मिलीला 900. म्हणजे 1 टक्का झालं. रोज ताजं करायचं, आणि टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो.

वॉर्ड इन्चार्ज: बेडपासून सुरुवात करते. सुई टोचली तरी कुणी सांगत नाही, त्याचं काय?

इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर: ओरडा बसेल म्हणून लपवतात. टोचलेली जागा पिळायची नाही, साबण-पाण्यानं धुवायची आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायची औषधं शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांत सुरू व्हायला हवीत, पुढे 28 दिवस. रात्रपाळीत ती कोणत्या कपाटात आहेत आणि किल्ली कुणाकडे, हे भिंतीवर लिहून लावा.