मदत हवी आहे: ३८ तासांचा सेव्ह अडकलाय, आणि नवा गेम पहिल्याच दिवशी घ्यावा का?

मंडळी, दोन गोष्टींत मदत हवी आहे. एक तातडीची, दुसरी जरा मोठी.

मी परळला राहतो. दोन वर्षं पैसे साठवले, चार शनिवार लॅमिंग्टन रोडची दुकानं पालथी घातली, तेव्हा कुठे मनासारखा पीसी जमला. गेल्या महिन्यात एक मोठा ओपन वर्ल्ड गेम (नकाशावर कुठेही, हव्या त्या क्रमाने फिरता येतं असा) आला, तो पहिल्याच दिवशी घेतला. नाव मुद्दाम लिहीत नाही. मला भांडण नको, उपाय हवाय.

आमची खोली एकच आणि बाबांची ड्युटी पहाटेची, त्यामुळे मी रात्री अकरानंतर हेडफोन लावून खेळतो. असे ३८ तास झाले. कथेत एक म्हातारा नावाडी आपल्याला नदीपलीकडे नेतो. माझ्याकडे तो कंबरेपर्यंत धक्क्याच्या दगडात रुतलाय. हात हलतात, ओठ हलतात, दर दहा सेकंदांनी "निघायचं का?" विचारतो. त्याच्याशी बोलायचं बटण मात्र येतच नाही. शेजारी होडी डुलतेय. ते पाणी इतकं जीव ओतून केलंय की पहिल्या रात्री मी न खेळता नुसता बघत बसलो होतो. आता त्याच पाण्यासमोर पंधरा दिवस अडकलोय.

गेम बंद-चालू केला, फाइल्स तपासून घेतल्या, पॅचही (कंपनीने पाठवलेली दुरुस्ती) टाकला. ऑटोसेव्हच्या, म्हणजे गेम आपोआप प्रगती साठवतो त्याच्या, तीनच जागा आहेत आणि तिन्ही त्या धक्क्यावरच्या. हाताने केलेला एकही सेव्ह नाही. पैसे परत मागायची मुदतही उलटली. हा सेव्ह वाचवायचा काही मार्ग आहे का?

दुसरी गोष्ट. धाकट्या भावाला नुकती नोकरी लागली. त्याच्याकडे प्लेस्टेशन आहे आणि पुढे येणारा एक मोठा गेम त्याला पहिल्या पगारातून आत्ताच प्री-ऑर्डर करायचाय, म्हणजे यायच्या आधीच पैसे भरून ठेवायचेत. त्याला काय सांगू? मित्र म्हणतात, "एवढा मोठा गेम म्हटला की बग (गेममधल्या चुका) येणारच." हे मला पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. 'विचर ३'मध्ये घोडा छपरावर जाऊन उभा राहायचा, 'स्कायरिम'मध्ये राक्षसाचा एक सोटा बसला की माणूस थेट आभाळात. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, उलट आजही लोक प्रेमाने आठवण काढतात. पण माझे ३८ तास गेले, ते त्याच हिशेबात कसे धरायचे? तुम्ही रेषा कुठे ओढता?

प्रतिसाद १

दादा, मी चार वर्षं गेम तपासायचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सेव्हचं. धक्क्यापासून खूप लांब जा, नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे गेममधले दोन-तीन दिवस झोपून काढ, सेव्ह कर, गेम पूर्ण बंद कर आणि मग परत ये. लांब गेलं की तो भाग मेमरीतून उतरतो आणि परत येताना माणसं नव्याने मांडली जातात. रुतलेली माणसं कधी कधी अशी सुटतात. पण मिशनची नोंदच, म्हणजे कथेत तू कुठवर पोचलास ती, चुकीची पडली असेल तर याने काही होणार नाही. फाइल्स तपासून उपयोग झाला नाही तो यामुळेच. त्यात गेमच्या फाइल्स तपासल्या जातात, तुझी प्रगती नाही. काहीही करण्याआधी सेव्हचा फोल्डर कॉपी करून पेन ड्राइव्हवर ठेव. क्लाउडवर विसंबू नकोस, तिथेही हाच अडकलेला सेव्ह चढलेला असणार.

आता बग येतातच का, ते. सरळ रेषेतल्या गेममध्ये दार एकदाच उघडतं. ओपन वर्ल्डमध्ये कुणी नावाड्याला आधी भेटतं, कुणी आधी त्याच्या मुलाला वाचवतं, कुणी पाऊस पडत असताना घोड्यासकट धक्क्यावर चढतं. या सगळ्यांचा गुणाकार होतो. तपासणारे आम्ही काहीशे लोक. पहिल्या दिवशी खेळणारे लाखो. आम्ही वर्षभरात खेळतो त्याहून जास्त तास ते एका संध्याकाळी खेळतात. सापडलेले सगळे बग सुटतात असंही नाही. यादी लावली जाते आणि तारीख जवळ आली की खालचे राहून जातात. डिस्क छापायला आधी जाते, काम पुढे चालूच असतं, म्हणून पहिल्याच दिवशी पॅच येतो.

पण सेव्ह खाणारा किंवा मुख्य कथा अडवणारा बग आमच्या यादीत सगळ्यात वर असतो. तो "येणारच" या खात्यात टाकू नकोस. 'सायबरपंक २०७७'मध्ये सुरुवातीला पीसीवर सेव्ह फाइल ८ एमबीच्या वर गेली की ती बिघडायची. डिसेंबर २०२० मध्येच पॅच आला, पण आधी बिघडलेल्या फाइल्स त्याने परत आल्या नाहीत. म्हणून दर दोन-तीन तासांनी वेगळ्या जागेवर हाताने सेव्ह.

प्रतिसाद २

ताईंनी सेव्हचं सांगितलंच आहे, मी भावाबद्दल लिहितो. 'सायबरपंक'चीच गोष्ट पुढे नेतो. तारीख तीनदा पुढे ढकलून तो १० डिसेंबर २०२० ला आला. त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती. जुन्या प्लेस्टेशन ४ वर तो कसा चालतो हे विकत घेणाऱ्याला आधी कळायला मार्गच नव्हता. आठवड्याभरात सोनीने तो प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून काढला, तो जून २०२१ मध्ये परत आला. २०२३ च्या २.० अपडेटनंतर मी खेळलो आणि अप्रतिम वाटला. तेव्हा भावाला एकच सांगा: ज्या मशीनवर तू खेळणार, त्याच मशीनवरचा रिव्ह्यू बघितल्याशिवाय पैसे भरू नकोस. डिजिटल प्रत काही संपत नाही. प्लेस्टेशनवर एकदा डाउनलोड सुरू केला की पैसे परत मिळणं कठीण. पीसीसाठीच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात निदान १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळायची सोय आहे, पण ओपन वर्ल्डमध्ये दोन तास तर ओळख होण्यातच जातात.

आणि मोठा गेम नीट येऊच शकत नाही, हे मला मान्य नाही. निन्टेंडोचा 'टिअर्स ऑफ द किंगडम' घ्या. २०२२ मध्ये येणार होता, पुढे ढकलला, मे २०२३ मध्ये आला. त्यात आपण फळ्या, चाकं, पंखे जोडून वाट्टेल ती गाडी बनवतो, तरी गेम कोसळत नाही. त्यांनी वेळ दिला. सगळ्यांना तो मिळत नाही हे कळतं, पण त्याची भरपाई माझ्या पगारातून का?

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. ताई, काल रात्री तुम्ही सांगितलं तसंच केलं. फोल्डर कॉपी करून ठेवला, पार उत्तरेच्या डोंगरात जाऊन तीन दिवस झोपलो, परत आलो. नावाडी दगडातून बाहेर आलाय! दोन पायांवर उभा आहे, होडीकडे बघतोय. बोलायचं बटण मात्र अजून नाही, म्हणजे तुम्ही म्हणता तशी नोंदच चुकली असावी. सेव्ह आणि व्हिडिओ जोडून कंपनीला तक्रार पाठवलीय, तक्रार क्रमांक मिळालाय.

धाकट्याला पूर्ण धागा वाचून दाखवला. आधी तोंड पाडलं, मग म्हणाला की प्लेस्टेशनवरचे रिव्ह्यू येईपर्यंत थांबतो. पहिल्या पगारातून आईला कुकर घ्यायचं ठरलंय.

आणखी कुणाकडे मिशनची नोंद नव्याने सुरू करायचा मार्ग असेल तर जरूर सांगा. पुढचा पॅच आला की काय झालं ते इथेच लिहितो.