हचिंग्जच्या घरच्यांबद्दल थोडं

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीच्या जेम्स हचिंग्जला नुसता जमीन बळकावणारा हॉटेलवाला म्हणतात, ते मला अर्धवट वाटतं. १८५५ ला टूरिस्ट म्हणून पहिली मंडळी त्या दरीत यानेच नेली, बरोबर चित्रकारही घेतला होता, आणि मग स्वतःचं मासिक काढून त्यात दरीची चित्रं छापली म्हणून लोकांना तिथे जावंसं वाटायला लागलं. १८६४ ला लिंकनने दरी कॅलिफोर्नियाच्या हवाली केली आणि याने त्याच वर्षी तिथलं हॉटेल घेतलं, मग जमीन आपलीच म्हणून कोर्टकचेऱ्या, १८७२ ला सुप्रीम कोर्टात हरला. तिथे चूक त्याचीच होती हे मलाही मान्य आहे.

पण हॉटेल चालवलं ते घरच्या बायकांनी हो! खोल्यांना भिंती म्हणून कापडाचे पडदे, लाकूड कापायला माणूस ठेवला तो जॉन म्यूर (पुढे नावाजलेला निसर्गप्रेमी लेखक), आणि सगळं स्वयंपाकघर सासूबाई फ्लोरँथा यांच्या अंगावर. त्यांचं नाव कोणी घेतच नाही याचं फार वाईट वाटतं.

थोरली मुलगी फ्लोरेन्स, लाडाने फ्लोई, १८६४ ला दरीतच जन्मली (तिथे जन्मलेलं पहिलं गोरं मूल म्हणतात, तिथल्या मूळच्या मिवोक लोकांची मुलं तर तिथे कधीपासून जन्मत होती), घोड्यावरून रानोमाळ भटकायची, आणि १८८१ ला सतराव्या वर्षी गेली. त्याच वर्षी हचिंग्जची दुसरी बायको ऑगस्टा पण गेली. तिथल्या एका शिखराला फ्लोईचं नाव आहे. हचिंग्ज स्वतः १९०२ ला घोडे उधळून त्याच दरीत गेला, आणि त्याला तिथेच या दोघींजवळ पुरलंय.