[मंडळ-यादी] शुक्रवारी क्योतो, दोन मोठ्या बॅगा, शेवटची रांग मिळत नाही

प्रेषक: अनघा
मंगळवार, रात्री 9:10

मंडळी, घाईचं आहे. शुक्रवारी सकाळी टोकियोहून आईबाबांना घेऊन क्योतो. आम्ही चार जण, दोन मोठ्या बॅगा (फराळ अजून संपायचाय). स्मार्ट-ईएक्सवर (शिनकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, बुकिंग ॲप) नऊ ते अकरामधल्या एकाही नोझोमीत (सगळ्यांत जलद शिनकान्सेन) मागे मोठ्या सामानाची जागा असलेली शेवटची रांग दिसत नाही. मोमिजीचा, म्हणजे लाल पानांच्या हंगामातला शुक्रवार, दुसरं काय होणार. साध्या चार सीट मात्र मिळताहेत. त्या घेऊन बॅगा शेवटच्या रांगेमागे सरकवल्या तर चालतं ना? पूर्वी सगळे तेच करायचे. बुकिंग आजच करायचंय.

प्रेषक: श्रीरंग
मंगळवार, रात्री 9:32

पूर्वी म्हणजे 20 मे 2020 च्या आधी. आता नाही चालत. लांबी, रुंदी, जाडी यांची बेरीज 160 सेंमीच्या वर आणि 250 पर्यंत असेल, तर त्या बॅगेसाठी सामानाची जागा जोडलेली सीटच घ्यावी लागते. तिला जादा पैसे नाहीत, पण न घेता चढलात तर 1000 येन भरायचे आणि कंडक्टर सांगेल तिथे बॅग ठेवायची. मागची जागा त्या रांगेत बसलेल्यांच्या नावावर असते. त्यांची बॅग आली की तुमची निघाली.

हा नियम तोकाइदो, सान्यो आणि क्युशूकडच्या शिनकान्सेनला आहे, तोहोकू-होकुरिकूला नाही. तेव्हा कानाझावाला जाऊन आलेल्यांनी 'आम्हाला कुणी हटकलं नाही' असं कृपया इथे लिहू नये.

अनघा, तू आधी बॅग मोज. विमान कंपन्यांची मर्यादा साधारण 158 ची. भारतातून चेक-इन होऊन आलेली बॅग बहुधा 160 च्या आतच असते, मग आरक्षणाचा प्रश्नच येत नाही. मंडळाच्या माहितीपत्रकात हे सगळं आहे, पण ते कुणी उघडत नाही.

प्रेषक: विनयकाका
मंगळवार, रात्री 9:50

बेरीज 158 येवो नाही तर 148, तेवीस किलोची बॅग डोक्यावरच्या फळीवर चढवणार कोण? आणि क्योतोला उतरवणार कोण? नोझोमी तिथे जेमतेम एक-दोन मिनिटं थांबते.

दुसरं, निशिकासाईहून निघणार ना? सकाळी आठच्या तोझाई मेट्रोत, किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात, दोन बॅगा आणि दोन ज्येष्ठ नागरिक घालून दाखवा. मग शिनकान्सेनचं बोलू.

प्रेषक: मुग्धा
मंगळवार, रात्री 10:04

टाक्क्युबिन, म्हणजे सामान घरपोच पाठवणारी सेवा!! दर वर्षी हाच प्रश्न आणि दर वर्षी हेच उत्तर. बॅगा उद्या रात्री काळ्या मांजराच्या (यामातो कंपनीच्या) स्वाधीन करा आणि शुक्रवारी पाठीवर एकेक सॅक घेऊन निघा. टोकियो ते क्योतो एका रात्रीत पोचतं. 160 चा साइज आहेच त्यांच्याकडे.

प्रेषक: श्रीरंग
मंगळवार, रात्री 10:21

मुग्धाताई, इथेच घोळ होतो. हे दोन 160 वेगळे आहेत.

शिनकान्सेनवाले फक्त माप बघतात. (वजनाची अट 30 किलोची, ती घरगुती बॅग सहसा ओलांडत नाही.) यामातोवाले माप आणि वजन दोन्ही बघतात आणि जे वरच्या गटात जाईल तो दर लावतात: 140 ला 20 किलो, 160 ला 25, 180 आणि 200 ला 30. म्हणजे लहान पण ठासून भरलेली बॅग, समजा बेरीज 135 आणि वजन 23, ही 140 च्या नव्हे, 160 च्या दरात जाते. काउंटरवर वाद घालू नये, तक्ता तिथेच लावलेला असतो.

चाकं आणि मूठ धरूनच मोजा. कंपनीच्या चिठ्ठीवरचा आकडा पुष्कळदा नुसत्या खोक्याचा असतो.

प्रेषक: अनघा
मंगळवार, रात्री 10:48

मोजल्या. लाल बॅग: 68, 46, 28. बेरीज 142, प्रश्न मिटला. निळी: चाकांसकट उंची 77, रुंदी 52, जाडी 31. बरोब्बर 160! आता 160 म्हणजे आत की बाहेर?

प्रेषक: श्रीरंग
मंगळवार, रात्री 10:55

आत. नियमाचे शब्द '160 ओलांडणारी' असे आहेत. 160 म्हणजे ओलांडलेली नव्हे.

पण निळ्या बॅगेला मधोमध जाडी वाढवायची चेन आहे का? असेल तर ती बंद असताना मोजलंस की उघडी असताना?

प्रेषक: अनघा
मंगळवार, रात्री 11:02

आहे. बंद करून मोजलं. उघडली तर जाडी 35. आणि फराळाचे डबे आत असेपर्यंत ती चेन काही बंद राहत नाही. 😐

प्रेषक: श्रीरंग
मंगळवार, रात्री 11:06

मग 164. शिनकान्सेनला आरक्षण लागणार आणि यामातोकडे ती 180 मध्ये जाणार. चार डबे बाहेर काढ, दोन्हीकडचा प्रश्न सुटेल.

प्रेषक: केतकी
बुधवार, सकाळी 7:15

फराळाचे डबे बाहेर काढायचेच असतील तर ते गाडीत हाताशीच ठेवा. तोकाइदोवर साध्या डब्यांतली फिरती विक्री ऑक्टोबर 2023 अखेर बंद झाली. चहापाणी फलाटावरच घ्यायचं, आत काही येत नाही. आईबाबा शाकाहारी असतील तर एकिबेनच्या (स्टेशनवर मिळणारं खोक्यातलं जेवण) फंदात पडू नका. भाजीच्या खोक्यातही बहुधा दाशी असते, म्हणजे कात्सुओ, म्हणजे मासा. दुकानातली ओनिगिरी (भाताचा गोळा) घ्यायची तर उमे (आंबट फळ) किंवा कोंबु (समुद्री शेवाळ), पण मागची चिठ्ठी वाचून, कारण मसाल्यात 'कात्सुओ एकिसु' (माशाचा अर्क) दडलेला असतो. त्यापेक्षा दशम्या बऱ्या.

सीट ई बाजूच्या घ्या. क्योतोला जाताना फुजी उजवीकडे येतो, टोकियो सोडल्यावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी, शिन-फुजीच्या आसपास. ई खिडकीची, डी तिच्या शेजारची, म्हणजे दोघंच बसायचं. आईबाबांना तीच जोडी द्या.

प्रेषक: विनयकाका
बुधवार, सकाळी 7:40

फुजीच्या बाजूची जोडी सगळ्यांत आधी जाते. विक्री निदान महिनाभर आधी सुरू होते, परवाच्या गाडीला ई कुठून मिळणार?

मिळणार असेल तर कोदामात. क्योतोपर्यंत नोझोमीला सव्वादोन तास, कोदामाला पावणेचारच्या आसपास. प्रत्येक स्टेशनावर थांबते, मागून आलेल्या गाड्यांना वाट देत चार-पाच मिनिटं उभी राहते, म्हणून तिला कुणी विचारत नाही. शेवटची रांगसुद्धा शिल्लक असायची शक्यता तिथेच जास्त. तिकीट आरक्षित नोझोमीपेक्षा थोडं कमी. ज्येष्ठांना घाई कसली? चढायला-उतरायलाही निवांत.

प्रेषक: मुग्धा
बुधवार, सकाळी 8:02

काका, पावणेचार तास बसून गुडघे कोण सरळ करणार? कोदामा नको. आणि टाक्क्युबिनचा मुद्दा बाजूलाच पडला, तो पुरा करते.

1. दुकानात नेणार असाल तर सेव्हन-इलेव्हन किंवा फॅमिलीमार्ट. लॉसनमध्ये पोस्टाचं यु-पॅक असतं, यामातो नाही. यु-पॅकही चालेल, मर्यादा 170 सेंमी आणि 25 किलो. पण मोठी बॅग घ्यायला दुकानातला पोरगा कुरकुर करतो. थेट यामातोच्या कचेरीत जा, नाहीतर घरी न्यायला बोलवा.

2. फॉर्म 'हात्सुबाराई'चा, म्हणजे पैसे आत्ता. चुकून 'चाकुबाराई'चा घेतलात तर पैसे हॉटेलकडे मागतील आणि हॉटेल बॅगच घेणार नाही.

3. पत्त्यात हॉटेलचं नाव, फोन, आणि कुणाच्या नावावर, कुठल्या तारखेचं बुकिंग आहे ते. बुकिंग रोमन लिपीत असेल तर नाव तसंच, अक्षरन् अक्षर. बुकिंग जावयाच्या नावावर आणि चिठ्ठीवर सासऱ्यांचं नाव, अशी बॅग मागच्या खोलीत पडून राहते आणि पुढे काउंटरवर 'आलेली नाही' म्हणतात.

4. तारीख शुक्रवार, वेळ 14 ते 16. बारा ते दोन असा गट नसतो. सकाळचा गट मागू नका, उशीर झाला तर वाव राहत नाही.

5. 'हिनमेई'च्या (आत काय आहे त्या) चौकोनात 'इरुई', म्हणजे कपडे, एवढं लिहिलं की पुरतं. फराळ असेल तर 'शोकुहिन' पण. पासपोर्ट, पैसे, बाबांच्या गोळ्या त्यात अजिबात नाही. गोळ्या दोन दिवसांच्या तरी हातात हव्यात.

लोणच्याची बरणी असेल तर आधी पिशवी, मग टॉवेल, मग पुन्हा पिशवी, आणि चिठ्ठीवर 'वारेमोनो' (फुटणारी वस्तू). तेल गळून शेजारच्या खोक्याला लागलं तर फोन येतो.

प्रेषक: यादी-व्यवस्थापक
बुधवार, सकाळी 8:30

सर्वांना विनंती: फुजी, फराळ आणि टाक्क्युबिन यांसाठी वेगळा विषय लिहून वेगळी मेल टाका. शोधताना काही सापडत नाही. प्रवासाची माहिती सहल-समितीकडून एकत्र निघावी असं मागच्या सभेत ठरलं होतं, त्याची आठवण करून देतो.

प्रेषक: श्रीरंग
बुधवार, सकाळी 8:41

माहितीपत्रक सहल-समितीच्या आधीपासून आहे, एवढंच नोंदवतो. मुग्धाताईंचे 2 आणि 3 क्रमांकाचे मुद्दे त्यात घालतो. यु-पॅकमध्ये पंचवीसच्या वर तीस किलोपर्यंतही जातं, जड सामानाचा जादा आकार भरून, तेही लिहायला हवं.

प्रेषक: केतकी
बुधवार, सकाळी 9:05

हॉटेलवर बॅगा शुक्रवारी दुपारी येणार, ठीक. परतताना चेक-आउटनंतर क्योतो स्टेशनच्या लॉकरवर अवलंबून राहू नका. मोमिजीत मोठे लॉकर सकाळी नऊ-दहापर्यंत भरतात. हॉटेलमध्येच ठेवून फिरा. तरी लॉकर मिळालाच तर एक लक्षात ठेवा: सुइकाने (रेल्वेच्या प्रवास-कार्डाने) बंद केलेल्या लॉकरची किल्ली म्हणजे तेच कार्ड. बाबांच्या कार्डाने लावून बाबा फुशिमी इनारीला गेले, तर तुम्ही लॉकरसमोर उभे.

इनारीवरून आठवलं, जेआर नारा लाइनची साधी गाडीच पकडा, दुसरं स्टेशन. मियाकोजी जलद तिथे थांबत नाही. सिटी बसचा एक दिवसाचा पास आता नाही, मार्च 2024 अखेर संपला. भुयारी रेल्वे आणि बस मिळून 1100 येनचा आहे. बसमध्ये मागून चढायचं, पैसे उतरताना पुढे.

प्रेषक: विनयकाका
बुधवार, सकाळी 9:12

लॉकर राहू द्या. तोझाईचं कुणी बोललंच नाही.

प्रेषक: श्रीरंग
बुधवार, सकाळी 9:20

काका, निळी बॅग आधी गेली तर तोझाईत फक्त लाल राहते. शिवाय ओतेमाचीला उतरायचंच नाही. निहोम्बाशीला उतरून टोकियो स्टेशनच्या यायेसूच्या बाजूने चालत या, तोकाइदोचे दरवाजे त्याच अंगाला आहेत. ओतेमाचीहून अख्खं स्टेशन ओलांडावं लागतं. आणि आठची गर्दी टाळायला अकराची गाडी घ्या, सोपं आहे.

प्रेषक: अनघा
बुधवार, रात्री 10:35

ठरलं. 10:51 ची नोझोमी, साध्या चार सीट, दोन-दोनच्या जोड्या. ई एकच खिडकी मिळाली, ती बाबांना. निळी बॅग आज संध्याकाळी यामातोत दिली. डबे काढून चेन लावली, त्यांच्या फीतपट्टीने 160 आणि काट्यावर 22.4 किलो, म्हणजे 160 चाच दर. चिठ्ठीवर बुकिंगचं नाव बाबांचं नसून माझं, ते मुग्धाताईंमुळे वेळेवर लक्षात आलं. लाल बॅग सोबत. फळीवर चढली नाही तर ती 28 जाडीची आहे आणि दोन रांगांमध्ये 104 सेंमी अंतर असतं, माझ्या पायाशी उभी राहील.

बाहेर काढलेले डबे: चकल्या दोन, चिवडा एक, अनारसे एक. उद्या रात्री नऊपर्यंत निशिकासाईत कुणी नेणार असेल तर सांगा.

प्रेषक: विनयकाका
बुधवार, रात्री 10:37

अनारसे माझे.

प्रेषक: यादी-व्यवस्थापक
बुधवार, रात्री 10:44

विषय बदला, प्लीज. चिवडा शिल्लक आहे का?