मदत हवी आहे : वस्तीतल्या मुलांना आहाराबद्दल काय शिकवावे?

शनिवारवर्ग : मी दर शनिवारी वस्तीतील मुलांचा वर्ग घेते. आहारावरचा पहिला तास पूर्ण फसला. मिळालेल्या तक्त्यावर सफरचंद, बदाम आणि पनीर यांची चित्रे होती, एका मुलीने सफरचंदावर बोट ठेवून "ताई, हे आजारी पडल्यावर आणतात ना?" असे विचारले आणि मला पुढे काही सुचेना. पुढचा तास परवाच आहे, तेव्हा कृपया लवकर सांगा.

परसबाग : मुलांची वये काय, वस्ती शहरातली की गावातली, शाळेत दुपारचे जेवण मिळते का?

नाचणीची आंबील : वय कोणतेही असो, नाचणीपासून सुरुवात करा. शंभर ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. आमच्या घरी सकाळची आंबील कधी चुकली नाही.

रोज एक अंडे : रेशनवर गहू-तांदूळ मोफत मिळत असताना त्या घरांना नाचणी विकत घ्यायला सांगणे मला पटत नाही. त्याऐवजी अंडे सांगा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात.

नाचणीची आंबील : अंडे काय रेशनवर मिळते? शिवाय कित्येक घरांत ते चालतही नाही.

निवृत्त मास्तर : माझ्या नातवाचे वजन वाढत नव्हते, ते जंतांचे औषध दिल्यावर वाढले. शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मोफत देतात, ती चुकवू देऊ नका.

शनिवारवर्ग : हे आधीच लिहायला हवे होते. मुले आठ ते दहा वर्षांची, वस्ती पुण्यातली. बहुतेकींच्या आया धुण्याभांड्यांच्या कामांना सकाळी सहालाच बाहेर पडतात, त्यामुळे मुले चहा-बिस्किटांवर निघतात आणि हातातल्या पाच रुपयांचे टपरीवरून वेफर्स घेतात. शाळेत खिचडी मिळते.

परसबाग : मग त्या पाच रुपयांपासूनच सुरुवात करा. एका ताटलीत वेफर्सचे पाकीट रिकामे करा, शेजारी तेवढ्याच पैशांचे फुटाणे किंवा शेंगदाणे ठेवा आणि दोन्ही मुलांच्याच हातांनी तोलून घ्या. दुसरे म्हणजे खिचडी. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी त्या जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने धरलेली असतात. पण आमच्या शाळेत मी रोज पाहते, मुले मटकी वेचून ताटाच्या कडेला सारतात आणि नुसता भात खातात, म्हणजे जे अंगी लागायचे तेच उष्ट्यात जाते. चहा जेवणासोबत घेतला तर अन्नातले लोह कमी शोषले जाते आणि लिंबू पिळले तर जास्त, हेही या वयाला सहज समजते. मात्र एक कळकळीची विनंती आहे : काल घरी काय खाल्ले, हे सर्वांसमोर विचारू नका, कारण ज्याच्या घरी चूल पेटली नसेल त्याला खोटे बोलावे लागेल.

शनिवारवर्ग : नेमके तेच मी पहिल्या तासाला विचारले होते, आणि दोन मुले गप्प बसली होती. तक्ता काढून ठेवला आहे. वजनकाटा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून मागून आणते.