मदत हवी आहे: सात महिन्यांच्या मुलीचं लिव्हर ट्रान्सप्लांट, मामाची कागदपत्रं

नमस्कार मंडळी. आम्ही कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. माझ्या मुलीला बिलियरी अॅट्रेसिया आहे, म्हणजे यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्याच बंद. जन्मानंतर कावीळ उतरलीच नाही, शी खडूसारखी पांढरी. पित्ताला आतड्यात वाट करून देणारं 'कसाई' ऑपरेशन (हे जपानी डॉक्टरचं नाव) शक्यतो दोन महिन्यांच्या आत व्हावं लागतं. आमचं निदान उशिरा झालं. ऑपरेशन झालं, पण पित्त नीट वाहत नाही. पोट फुगलंय, खाजेनं रात्रभर झोप नाही, हातांना मोजे घालून ठेवतो. आता ट्रान्सप्लांटच.

तिचा रक्तगट ओ. माझा ए, बायकोचा बी, म्हणून आमचं यकृत जुळत नाही. आजी-आजोबा वयामुळे बाद. मामा ओ आहे, धडधाकट आहे, स्वतःहून तयार झाला. त्याच्या यकृताचा डावीकडचा छोटा तुकडा पुरतो, उरलेलं पुन्हा वाढतं.

अडचण अशी की अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याच्या 'जवळच्या नातेवाईकां'त आजी-आजोबा येतात, मामा येत नाही. म्हणून अशा दानाला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीची मंजुरी लागते. त्यात मामा चंदगडचा, म्हणजे महाराष्ट्राचा, आणि आमचे सगळे कागद कन्नडमध्ये. ऑपरेशन पुण्याला करायचा विचार आहे.

कुणी यातून गेलंय का? मामाची राज्याची पडताळणी कुठून होते? कन्नड दाखल्यांचं भाषांतर नोटरीचं चालतं का? सीमाभागातल्या ८६५ गावांसाठीच्या महाराष्ट्राच्या आरोग्य योजनेतून कुणाला ट्रान्सप्लांटसाठी खरंच पैसे मिळालेत का? ऐकीव नको, स्वतःचा अनुभव सांगा. बेळगावात मुलांच्या यकृताचे डॉक्टर माहीत असतील तर तेही कळवा. वजन वाढवायला सांगितलंय, ते काही केल्या वाढत नाही.