मदत हवी आहे: तिघं मिळून गाणं करतोय, शब्द-चाल-कॉर्ड जुळेनात

नमस्कार मंडळी, आम्ही तिघं मिळून गाणी करतोय. शब्द एका मित्राचे, चाल मी बांधते आणि गिटार-अरेंजमेंट एक मैत्रीण बघते. तिघं तीन ठिकाणी, त्यामुळे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. दोघंही जीव लावून काम करणारे आहेत आणि मला ही टीम टिकवायचीच आहे, पण आत्ताचं गाणं पुढे सरकतच नाहीये.

पहिला घोळ शब्दांचा. कविता आधी आली, सुंदर आहे, पण अंतऱ्याच्या ओळी कमीजास्त मात्रांच्या आहेत आणि दादऱ्यात (सहा मात्रांचा ताल) बसवायला गेलं की नेमका विभक्तीचा प्रत्यय समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतो, म्हणजे 'पावसाने' मधल्या 'ने' वर जोर पडतो आणि अर्थाचा शब्द मधेच निसटून जातो. एक शब्द बदलू का विचारलं तर तो म्हणाला मग ती माझी ओळ राहत नाही, आणि मला ते पटतंही. मग उलटं करावं का, मी आधी डमी शब्दांवर चाल द्यायची आणि त्याने त्यावर लिहायचं? पण त्यात त्याची भाषा हरवेल अशी भीती वाटते.

दुसरं कॉर्डचं. चाल यमन रागाच्या अंगाने जाते, सा पांढरी एक (म्हणजे सी). मैत्रीण सी मेजर धरून मधे एफ मेजर वाजवते, ज्यात शुद्ध मध्यम येतो, आणि नेमका तिथेच माझा तीव्र मध्यम (एफ शार्प) आहे, दोन मध्यम एकमेकांवर आदळतात. तिला ते टेन्शन आवडतंय, मला ओळीचा जीव जातोय असं वाटतं. कॉर्ड नकोत असं अजिबात नाही, अंतऱ्याला तिने जे केलंय त्याने चाल खूप वर गेलीये. तिला न दुखावता हे कसं सांगू, आणि तिथे दुसरं काय वाजवता येईल?

शिवाय व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवलं की लय सुटते, आणि वेगवेगळ्या रेकॉर्ड करून जोडलेल्या फाइल एका कडव्यानंतर सरकतात. नाव-हक्काचं बोलणं कधी काढावं तेही सांगा, आत्ता काढलं तर हिशेबी वाटेल आणि रिलीजच्या वेळी काढलं तर भांडण.

प्रतिसाद १
एफ मेजरच्या जागी डी मेजर लावून बघायला सांगा, त्यात रे, तीव्र म, ध, सगळे यमनचेच स्वर. बी मायनरही चालेल. जिथे चालीत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) आहे तिथे नुसतं सा-प धरून ठेवायचं. 'चुकतंय' म्हणू नका, तानपुऱ्यावर गाऊन पाठवा, तीव्र मध्यम कुठे राखायचाच आहे तेवढं सांगा आणि बाकी तिला मोकळीक द्या.
कॉलवर एकत्र वाजवायचा नाद सोडा, साधारण ३० मिलिसेकंदांच्या वर उशीर गेला की एका लयीत राहणं अवघड होतं आणि कॉलला त्याहून बराच जास्त असतो. बीपीएम (मिनिटाला किती ठोके) ठरवा, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट ६/८ मध्ये ठेवा, हेडफोनमध्ये क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) आणि सगळ्यांना एकच गाइड ट्रॅक (ज्याच्यासोबत वाजवायचं ते कच्चं रेकॉर्डिंग). प्रत्येक फाइल शून्यापासून, म्हणजे गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून एक्सपोर्ट करा, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट वेव्हमध्ये. एमपीथ्री नको, त्यात सुरुवातीला थोडी शांतता घुसते आणि सगळं पुढेमागे होतं.

प्रतिसाद २
मुखडा कवीचा जसाच्या तसा ठेवून त्याला चाल द्या, अंतरा मात्र चालीवर लिहू दे. डमी पाठवताना नुसतं लालाला नको, समेवर जिथे दीर्घ अक्षर हवंय तिथे तसंच अक्षर गा, म्हणजे त्याला वजन कळेल. शब्द त्यानेच बदलायचा, तुम्ही फक्त समेवर काय येतंय ते ऐकवा.
हक्काचं आत्ताच बोला, गाणं अर्धं असताना कोणाला राग येत नाही. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे असतात, तेव्हा कोणाचं नाव कुठे आणि टक्के किती हे स्प्लिट शीटवर (वाटे लिहायचा कागद) तारीख टाकून लिहा. अरेंजमेंट करणारीचा चालीत वाटा धरायचा की फक्त रेकॉर्डिंगमध्ये, हे आधी ठरवा, भांडणं जास्त तिथेच होतात.