मुलींची शालेय हॉकी : दादा संघ, सेक्शनची गटवारी आणि सेंट पॉलची वाट

विषय : सेक्शनची रचना बदलायला हवी

नमस्कार मंडळी,

मंडळातल्या बऱ्याच घरच्या मुली आता आइस हॉकी खेळतात. त्यामुळे फेब्रुवारी आला की एक प्रश्न निघतोच : राज्यातले दोन सर्वांत बलाढ्य संघ एकाच सेक्शनमध्ये, म्हणजे प्रादेशिक गटात असले, तर त्यातला एक राज्य स्पर्धेसाठी सेंट पॉलला पोचायच्या आधीच घरी का बसतो?

ज्यांच्या मुली अजून दहाबारा वर्षांच्या आहेत त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगते. मिनेसोटा स्टेट हायस्कूल लीगने मुलींच्या हॉकीला १९९४ मध्ये मान्यता दिली आणि पहिली राज्य स्पर्धा १९९५ मध्ये झाली. २००२ पासून दोन वर्ग आहेत : मोठ्या शाळांचा डबल-ए आणि लहान शाळांचा सिंगल-ए. प्रत्येक वर्गात भूगोलानुसार आठ सेक्शन. सेक्शनमध्ये मानांकन लावून बाद फेरी होते. आठ संघ असतील तर पहिला-आठवा, चौथा-पाचवा, दुसरा-सातवा, तिसरा-सहावा अशा जोड्या. सुरुवातीचे सामने सहसा वरच्या मानांकनाच्या संघाच्या रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) आणि अंतिम सामना तटस्थ ठिकाणी. जिंकणारा एकच संघ राज्य स्पर्धेला जातो. दुसऱ्या क्रमांकाला काहीच नाही, त्याने मोसमात २५ पैकी २२ सामने जिंकलेले असले तरी.

ट्विन सिटीजच्या (मिनियापोलिस-सेंट पॉलच्या) पश्चिमेला एडाइना, मिनेटोंका, वेझाटा, हॉप्किन्स, ईडन प्रेरी अशी हॉकीची गावं एकमेकांना खेटून आहेत. तिथे रेषा कुठूनही ओढली तरी दोन तगडे संघ एका बाजूला येणारच. उत्तरेच्या डबल-ए सेक्शनमध्ये मात्र संघच कमी, त्यामुळे वाट सोपी. परिणाम असा की राज्य स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत एकतर्फी सामने होतात आणि खरी चुरशीची लढत आठवडाभर आधी, अर्ध्या रिकाम्या रिंकवर होऊन गेलेली असते.

मॅसॅच्युसेट्सने २०२१-२२ पासून प्रादेशिक गट मोडून राज्यभर एकच क्रमवारी आणली. विजयाचं अंतर (ठरावीक मर्यादेपर्यंतच धरलेलं) आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद यांवरून गुण काढतात. प्रत्येक विभागातले पहिले ३२ संघ थेट आत, आणि शिवाय निम्मे किंवा अधिक सामने जिंकलेले संघ प्राथमिक फेरीतून. आपल्याकडे हे का नको?

— प्लिमथहून

उत्तर : सेक्शनची रचना बदलायला हवी

ताई, मुद्दा बरोबर आहे. उपायाशी मात्र मी सहमत नाही. दोन राज्यांचे नकाशे शेजारी ठेवून पाहा. उत्तर टोकाच्या वॉरोडहून सेंट पॉल साधारण साडेतीनशे मैल आहे आणि लुवर्न राज्याच्या पार नैर्ऋत्य कोपऱ्यात. राज्यभर एकच क्रमवारी लावली आणि २९व्या क्रमांकाच्या संघाला चौथ्याकडे पाठवलं, तर फेब्रुवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी, शाळेची बस सहासात तास बर्फातून जाणार, मुली सहा-सात गोलांनी हरणार आणि पहाटे परतणार. मॅसॅच्युसेट्समध्ये पश्चिमेकडची बर्कशायरची टोकं सोडली तर हा प्रश्न एवढा बिकट नाही. आणि आपलेही सेक्शन आधीच ताणलेले आहेत : अँडोव्हर ट्विन सिटीज परिसराच्या उत्तर कडेला, तरी त्याची गाठ सेक्शन ७ मध्ये डलुथ आणि ग्रँड रॅपिड्सकडच्या संघांशी.

दुसरं, वर्चस्व सेक्शनमुळे येत नाही. ते येतं खालून. मिनेसोटात मुलगी ज्या गावात राहते किंवा शिकते त्या गावाच्या असोसिएशनकडूनच (मुलांच्या हॉकी क्लबकडूनच) सहसा खेळते : ८यू (म्हणजे आठ वर्षांखालील), १०यू, १२यू, १५यू, आणि मग शाळेचा संघ. ज्या असोसिएशनमध्ये १२यूचे तीनचार संघ उभे राहतात, तिथे शाळेच्या संघाला तिसरी आणि चौथी लाइन (एकत्र बर्फावर उतरणाऱ्या तीन फॉरवर्डची तुकडी) आपोआप मिळते. याचं गणित बर्फावर दिसतं. शाळेचा सामना १७ मिनिटांच्या तीन सत्रांचा, म्हणजे ५१ मिनिटांचा. तीन लाइन फिरवल्या तर प्रत्येक फॉरवर्डला सरासरी १७ मिनिटं खेळायचं. लहान शाळेत दोनच लाइन असतात, तेव्हा तेच साडेपंचवीस मिनिटांवर जातं. पहिल्या सत्रात फरक जाणवत नाही. दुसऱ्या सत्रात बेंच लांब पडतो, कारण गोली (गोलरक्षक) बाजू बदलतात, पण बेंच जागेवरच राहतात. मग बचावातल्या दमलेल्या मुलींना बदली मिळत नाही, पंचेचाळीस सेकंदांची शिफ्ट (बर्फावरची एक पाळी) सव्वा मिनिटाची होते, पाय चालेनासे झाले की काठी पुढे जाते, आणि हुकिंग-ट्रिपिंगच्या (काठीने अडवल्या-पाडल्याच्या) पेनल्ट्या लागतात. दादा संघाचे बरेचसे गोल तिथेच, पॉवर प्लेवर (समोरची खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असताना) होतात. तिसऱ्या सत्रात सहा गोलांचा फरक पडला की घड्याळ न थांबवता चालवतात.

गटवारी कशीही बदला, हे तसंच राहील. मिनेटोंकाने २०११ ते २०१३ सलग तीन आणि एडाइनाने २०१७ ते २०१९ सलग तीन डबल-ए विजेतेपदं घेतली, ती सोपा सेक्शन मिळाला म्हणून नव्हेत.

— वुडबरीहून

उत्तर : सेक्शनची रचना बदलायला हवी

काका, ताई, दोघांचं वाचलं. एक बाजू राहून गेली, सिंगल-एची. वॉरोड हे मूठभर वस्तीचं गाव, पण तिथल्या मुलींनी २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं विजेतेपद घेतलं. ऑलिंपिक खेळलेली जीजी मार्व्हिन त्याच गावची. 'इतके चांगले आहेत तर त्यांना जबरदस्तीने डबल-एमध्ये ढकला' असं दर वर्षी कोणीतरी म्हणतं. माझा याला ठाम विरोध आहे.

वर्ग ठरतो शाळेच्या पटावर. स्वेच्छेने वरच्या वर्गात खेळायची मुभा आहे, रोझोसारख्या लहान गावाने ती वापरली आहे, पण ती त्या गावाची निवड असायला हवी. इंडियानात इतर खेळांमध्ये यशाचे गुण मोजून संघाला वरच्या वर्गात पाठवतात. हॉकीत हे फसेल, कारण लहान शाळेचं यश एका पिढीवर टिकून असतं. आपल्याकडे सातवी-आठवीच्या मुलींनाही शाळेच्या मुख्य संघात खेळता येतं. लहान गावात एका इयत्तेत चार गुणी मुली निघाल्या तर त्या आठवीपासून एकत्र खेळतात आणि अकरावी-बारावीत राज्य जिंकतात. गुण मोजून बढती लागू होईपर्यंत त्या मुली कॉलेजात गेलेल्या असतात आणि शिक्षा भोगतात त्यांच्या मागच्या नवव्या इयत्तेतल्या मुली. सेक्शनची फेरमांडणी दर दोन वर्षांनी होते, तिथेही हीच अडचण : मागच्या संघाकडे पाहून रेषा ओढायची आणि पुढच्या संघाला ती लागू करायची.

को-ऑप संघांचं आणखी वेगळं. प्रॉक्टर-हर्मनटाउनसारख्या दोनतीन शाळा मिळून संघ उभा करतात, कारण एकटीकडे पंधरा स्केटर आणि गोली जमत नाहीत. पण पट मोजताना सगळ्या शाळांचा धरतात. म्हणजे ज्या शाळेतून दोनच मुली येतात तिचाही पट संघाच्या खाती जमा होतो आणि संघ वरच्या वर्गाच्या उंबरठ्यावर जाऊन बसतो. दादा संघांवर वाद घालण्याआधी हे सुधारायला हवं. मुलींच्या हॉकीत शाळा संघ बंद करतात किंवा जोडतात ते खेळाडू पुरत नाहीत म्हणून.

— रॉचेस्टरहून

उत्तर : सेक्शनची रचना बदलायला हवी

दादा, को-ऑपचा मुद्दा पूर्ण मान्य. सक्तीची बढती मलाही नकोच. काका, प्रवासाचंही पटलं. तेव्हा राज्यभर क्रमवारीचा आग्रह सोडते आणि एक मधला मार्ग मांडते.

आठही सेक्शन आहेत तसे राहू द्यावेत. आठ विजेते आत. डबल-एमध्ये त्यांच्याबरोबर क्रमवारीनुसार पुढचे आठ घ्यावेत, म्हणजे सोळा. या सोळांची एकच फेरी वरच्या मानांकनाच्या रिंकवर, शनिवारी दुपारी, आणि जिंकलेले आठ सेंट पॉलला. शनिवारी दुपारचा सामना असल्यामुळे लांबचा संघ सकाळी निघून रात्री परत येऊ शकतो. जागा हवी म्हणून मोसमाचे सामने २५ वरून २४ करावे लागतील. मुलींची स्पर्धा फेब्रुवारीत आटोपते आणि मुलांची मार्चच्या सुरुवातीला, त्यामुळे कॅलेंडर मागे सरकवता येणार नाही, रिंकच मिळणार नाहीत.

क्रमवारीत गोलांचा फरक मर्यादित धरावा. नाहीतर ६-० वर असलेला प्रशिक्षक पहिली लाइन बेंचवर बसवणार नाही.

— प्लिमथहून

उत्तर : सेक्शनची रचना बदलायला हवी

ताई, हे जमण्यासारखं आहे. दोन अडचणी दिसतात, त्या आधीच सोडवाव्यात.

पहिली, सेक्शनचा अंतिम सामना हरूनही आत जाता येणार असेल, तर तो सामना हलका होईल. प्रशिक्षक दुखावलेल्या खेळाडूला विश्रांती देतील, कदाचित पहिल्या गोलीलाही. म्हणून सेक्शन विजेत्याला पहिल्या फेरीत घरची रिंक नक्की मिळावी आणि क्रमवारीने आलेल्याला कधीच नाही, असं नियमात लिहावं. क्रमवारीत तो कितीही वर असला तरी.

दुसरी अडचण सेंट पॉलमधली. तिथे गेली काही वर्षं प्रशिक्षकांच्या मतांनी पहिल्या पाचांनाच मानांकन मिळतं. चौथा पाचव्याशी खेळतो आणि उरलेले तिघे चिठ्ठ्या टाकून पहिल्या तिघांसमोर येतात. म्हणजे खरा सहावा संघ पहिल्याच्या वाट्याला येऊ शकतो आणि आठवा तिसऱ्याच्या. तुमच्या पद्धतीने आठ भक्कम संघ पोचले तर हा नशिबाचा भाग जास्तच टोचेल. आठही मानांकनं लावायला खर्च शून्य आहे. सेक्शनला हात न लावता ही सुधारणा एकटी आधी मागता येईल.

डबल-ए विजेते पाहा, २०२० ला अँडोव्हर, २०२१ ला एडाइना, २०२२ ला पुन्हा अँडोव्हर : दोन दादा संघ वेगळ्या सेक्शनमध्ये असले की लढत शेवटपर्यंत पोचते. ते सेक्शन वेगळे होते हा भूगोलाचा योगायोग, आणि तुमचा प्रस्ताव त्या योगायोगावर विसंबत नाही. शाळेच्या क्रीडा संचालकांना पत्र लिहायचं ठरलं तर आठ मानांकनं आणि को-ऑपच्या पटाचा हिशोब हे दोन मुद्दे वर ठेवू, सोळा संघांचा तिसरा. पहिल्या दोन मुद्द्यांना बसचा किंवा रिंकचा एकही तास जास्त लागत नाही.

— वुडबरीहून